‘भरून पावलो’ लिहिल्यावरही आमचं ऐकून घेतलंत!

आदरणीय वकीलताई,

अण्णांनी विकलेल्या जमिनीच्या थकलेल्या पैशांच्या दाव्याचा निकाल लागला, त्या दिवशी गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी दोन वकिलांनी खरेदीखताचं दुसरं पान उघडून आम्हाला परत पाठवलं होतं. तिथे छापलेलं होतं: ‘ठरलेला मोबदला रु. १८,००,०००, पैकी ११ लाख चेकने, उरलेले ७ लाख रोख मिळाले, भरून पावलो, तक्रार नाही.’ ते ७ लाख आलेच नव्हते. ‘संध्याकाळी आणून देतो’ या खरेदीदाराच्या शब्दावर अण्णांनी सही केली आणि दुय्यम निबंधकांसमोर मानही डोलावली. लेखी दस्तापुढे तोंडी पुरावा चालत नाही, असं ऐकून आम्ही घरी आलो होतो.

तुम्ही मात्र पुरावा कायद्याचं कलम ९२ समोर ठेवलंत. (नव्या साक्ष अधिनियमात ते ९५ झालंय, पण आमचा दावा आधीचा.) दस्तातल्या अटी तोंडी शब्दाने बदलता येत नाहीत, पण ‘पैसे मिळाले’ ही अट नव्हे, ते घडलेल्या गोष्टीचं कथन आहे, ते खोटं असेल तर तसं सांगता येतं. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अपिलाचं शेवटचं कोर्ट) साह लाल चंद विरुद्ध इंदरजितमध्ये १९०० सालीच हे मान्य केलंय, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग मी आगाऊपणा केला. खरा सौदा २२ लाखांचा होता, वरचे ४ तोंडीच ठरले होते, तेही दाव्यात घाला म्हणालो. तुम्ही चष्मा काढलात. ‘किंमत ही अट आहे. १८ लिहून २२ म्हणालात, तर कलम ९२ आडवं येईल, आणि ७ लाखांवरचा विश्वासही जाईल.’ तेव्हा राग आला होता, खरं सांगतो.

खरेदीखत रद्द करून मागू नका, हेही तुम्हीच बजावलंत. किंमत थकली म्हणून झालेली विक्री मोडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दहिबेनच्या प्रकरणात सांगितलंय. म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ खाली थकलेली रक्कम आणि जमिनीवर तिचा बोजा (म्हणजे त्या जमिनीतून ती वसूल करायचा हक्क), एवढंच मागितलं.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ती ओळ मोठ्याने वाचली. ‘सही तुमचीच ना?’ अण्णा म्हणाले, ‘सही माझीच. पैसे नाहीत आले.’ चार वेळा फिरवून विचारलं, चारही वेळा तेवढंच. नंतर खरेदीदाराला तुम्ही एकच गोष्ट विचारत राहिलात: ७ लाख रोख कुठल्या खात्यातून काढले? कधी घर म्हणाला, कधी मेहुणा. पुराव्याचं ओझं आपल्यावर होतं, पण त्याच्या या उत्तरांनी ते बरंच हलकं झालं.

अण्णांचं पासबुक तुम्ही रबर लावून परत दिलंत, ते त्यांनी अजून तसंच ठेवलंय. समोरच्यांनी अपील केलंय म्हणे. पासबुक पुन्हा घेऊन येऊ का, तेवढं कळवा.

आपला,
अण्णांचा धाकटा