वारशाची तुलना पूर्ण करा

मा. संपादक,

इस्लामी कायदा मागास आणि पाश्चात्त्य कायदा पुढारलेला, असे सरसकट बोलणे मला पटत नाही. वारसाहक्काचेच बघा. इंग्लंडमध्ये १८८२चा कायदा होईपर्यंत विवाहितेची बरीचशी मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. इस्लामी कायद्याने ती कितीतरी आधी तिचीच मानली होती. इस्लामी कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने परक्याला एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही, हेही जगावेगळे नाही. फ्रान्समध्ये तीन मुले असतील तर तीन चतुर्थांश मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून निम्मी.

पण गोव्यात आणि फ्रान्समध्ये मुलगा-मुलगी समान. मुस्लिम मुलीला भावाच्या निम्मेच मिळते आणि हे मला खुपते. वकिलांच्या कचेरीत मी टंकलेखक होतो. एकदा एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ सातबारा घेऊन आले. सांभाळणाऱ्या मुलीच्या नावे घर करायचे होते. मृत्युपत्राला इतर वारसांची संमती लागेल आणि हिबा (हयातीतले बक्षीस) केला तर हयातीतच ताबा सोडावा लागेल, हे ऐकल्यावर ते कितीतरी वेळ त्या कागदाची घडी घालत-उलगडत बसले.

केरळात २०२३ मध्ये एका वकिलाने व त्यांच्या पत्नीने, मुलगा नसल्याने काही हिस्सा भावांकडे न जाता तीन मुलींनाच सगळे मिळावे म्हणून, विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले; त्यामुळे वारसा मुस्लिम वैयक्तिक कायद्याने ठरत नाही. मुलीला समान हिस्सा देण्यासाठी आईबापांना इतका वळसा का घालावा लागतो, यावर मुस्लिम समाजात आणि विधिमंडळात मोकळी चर्चा व्हायला हवी.

– एक निवृत्त टंकलेखक, चिपळूण