वाकेनच्या कुरणातला ढोल

हॅम्बर्ग,
15 सप्टेंबर 2019

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "वाकेनचं काय झालं, एक अक्षर बोलला नाहीस." खरं सांगतो. 4 ऑगस्टला मी वाकेनच्या हेवी मेटल संगीताच्या महोत्सवातून परत आलो आणि दोनच दिवसांत मोबाइलवर सांगलीचे फोटो यायला लागले. पुढचे आठ-दहा दिवस कृष्णेच्या पाण्याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. 2005 ला तुमच्या उंबऱ्याशी थांबलेलं पाणी यंदा खिडकीच्या गजांपर्यंत चढलं, काकूंना होडीतून बाहेर काढावं लागलं, आणि अशा वेळी मी तुला गिटारी कशा वाजल्या ते कळवू? हात धजावला नाही. आता गणपतीही होऊन गेले. दुकानातलं मशीन पुन्हा सुरू झालं म्हणालास, आणि ड्रम माळ्यावर होते म्हणून वाचले असंही म्हणालास. ते ड्रमचं ऐकलं आणि रात्री पत्र लिहायला बसलो. फोनच्या पाच मिनिटांत हे मावणार नाही.

तुला आठवतंय, 1 फेब्रुवारी 2008? आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून आपण मुंबईला गेलो होतो. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत होता आणि त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन आला होता. परतीच्या गाडीत कान सुन्न झालेले असताना तू माझ्या कानाशी ओरडून म्हणालास, "एकदा वाकेनला जायचं." होस्टेलच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर कुणीतरी टाकलेली वाकेनची ती व्हिडिओ क्लिप आपण शंभर वेळा बघितली असेल. अकरा वर्षं लागली, आणि मी एकटाच गेलो. ते मला तिथे तीनही दिवस जाणवत होतं.

हॅम्बर्गहून इत्सेहोपर्यंत रेल्वे, पुढे बस. बसमधून उतरलो तर समोर गाव. अगदी गाव, संज्या. विटांची घरं, मक्याची शेतं, काळ्या-पांढऱ्या गाई, शेणाचा ओळखीचा वास. वस्ती जेमतेम 2 हजारांची आणि त्या तीन दिवसांत तिथे 75 हजार माणूस. घरासमोरच्या अंगणात टेबलं मांडून आज्या कॉफी आणि केक विकत होत्या. शाळकरी पोरं हातगाड्यांवर लोकांचं सामान वाहून खिशाला पैसे जोडत होती. काळा शर्ट, खांद्यापर्यंत केस, दंडावर कवट्या गोंदलेला एक धिप्पाड गडी अशाच एका आजीपुढे मान खाली घालून प्लेट परत देत "आभारी आहे" म्हणत होता. आणि सुरुवात कशानं होते माहितीये? गावच्या अग्निशमन दलाच्या ब्रास बँडनं. गणवेशातले लोक तुताऱ्या-ट्रम्बोन वाजवतात आणि खाली हजारो मेटलवाले हात वर करून नाचतात. ते बघून मला आमच्या गावच्या जत्रेतला पहिल्या मानाच्या पालखीचा दिवस आठवला. पाहुणे कितीही मोठे येवोत, मान गावाचा.

1990 साली थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या गावातल्याच दोन पोरांनी हे सुरू केलं. सहा जर्मन बँड आणि 800 माणसं. यंदाचं तिसावं वर्ष. मधल्या काळात त्यांनी हा सोहळा उचलून हॅम्बर्गच्या एखाद्या स्टेडियममध्ये नेला असता तर कुणी अडवलं नसतं. नेला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. तंबू, गाड्या, स्टेज सगळं धरून सुमारे 240 हेक्टर रान लागतं. म्हणजे 600 एकर! आपल्याकडे बांधावरून दोन भाऊ कोर्टात जातात. इथे इतके शेतकरी दरवर्षी आपापली कुरणं देतात कशी, हे मला शेतकऱ्याचा पोरगा म्हणून समजून घ्यायचं होतं. माझा तंबू होता त्या रानाचा मालक सकाळी ट्रॅक्टरवरून फेरी मारत होता. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, गवत परत येतं, त्याची काळजी नाही. काळजी तंबूच्या लोखंडी खुंट्यांची. एखादी गवतात राहिली आणि वैरणीबरोबर गाईच्या पोटात गेली तर जनावर हातचं जातं. म्हणून निघायच्या दिवशी मी माझ्या खुंट्या दोनदा मोजल्या. शेजारच्या तंबूतल्या चार पोलिश पोरांनाही मोजायला लावल्या.

आता आवाजाचं. हे तुझ्यासाठी.

विसर्जनाला आपल्याकडे डॉल्बी लागतो तेव्हा छाती हादरते, काचा थरथरतात, पण गाणं कुठलं ते कळत नाही. इथेही छाती हादरते, फरक असा की बास गिटारची एकेक तार वेगळी ऐकू येते. मैदानात स्टेजपासून लांबवर मधेमधे उंच मनोरे उभे केलेले असतात, त्यावरही स्पीकर. त्यातला आवाज मुद्दाम काही क्षण उशिरा सोडतात. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजवरचा ठोका शंभर मीटरवर पोचायला जवळजवळ सेकंदाचा तिसरा भाग लागणार. मनोऱ्यातला आवाज आधी आला तर मागच्या माणसाला एकच ठोका दोनदा ऐकू येईल. दोन्ही जुळवून सोडले की तो एक होऊन येतो. मी हे करून बघितलं. एकदा पार मागे उभा राहिलो आणि पडद्याकडे न बघता स्टेजवरच्या ड्रमरची काठी बघत राहिलो. काठी पडलेली दिसते, मग ठोका येतो. त्या एवढ्याशा फटीत मी तुझा पाय बघत होतो. होस्टेलच्या लोखंडी कॉटखाली पत्र्याची पेटी ठेवून तू टाचेनं बेस ड्रम वाजवायचास ना, तो पाय.

मुख्य स्टेज दोन, शेजारी शेजारी. एकावर बँड वाजतो तोवर दुसऱ्यावर पुढच्याची मांडणी चालते, त्यामुळे मध्ये खंड नाही. तीन दिवसांत इतकं ऐकलं की सगळं लिहीत बसत नाही. स्वीडनचे साबाटोन तुला आवडले असते, त्यांची सगळी गाणी लढायांवर आणि तू इतिहासवेडा. शुक्रवारी वादळाचा इशारा आला तेव्हा कार्यक्रम थांबवून मैदान रिकामं करायला सांगितलं. हजारो माणसं, निम्म्यांच्या हातात बिअर, आणि धक्काबुक्की नाही. लोक गाणी म्हणत गाड्यांकडे आणि तंबूंकडे गेले, वादळ सरल्यावर तसेच परत आले. गर्दीतली माणुसकी मी तिथे जवळून बघितली. पुढच्या रांगांत लोक एकमेकांवर आदळत नाचत असतात, लांबून मारामारीच वाटेल. पण एखादा खाली पडला की आजूबाजूचे सहा हात त्याला उचलतात, उभा करतात, चष्मा पडला असेल तर तो शोधून हातात देतात.

स्लेयरचं मात्र लिहायलाच हवं. यंदाचा त्यांचा दौरा निरोपाचा आहे. 1981 पासूनचा बँड. त्यांचा गिटारवादक जेफ हॅनेमन 2013 लाच वारला, जुना ड्रमर लोम्बार्डोही त्याच वर्षी बँडमधून बाहेर पडला. ड्रमवर पॉल बोस्टॅफ होता. तू लोम्बार्डोचा भक्त, तुला बोस्टॅफ कधी पटला नाही, पण त्या रात्री त्यानं जे दोन पाय चालवले ते ऐकून तू मत बदललं असतंस. शेवटी सगळं थांबल्यावर त्यांचा गायक टॉम अराया कितीतरी वेळ काही न बोलता नुसता लोकांकडे बघत उभा राहिला. माझ्या शेजारी साठीच्या आसपासचा एक माणूस होता, जुन्या जाकिटावर सगळीकडे बँडांची ठिगळं शिवलेली. तो ढसाढसा रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 2012 च्या ऑक्टोबरात हेच लोक बंगळूरला येऊन गेले. तुझं लग्न तोंडावर होतं आणि माझ्याकडे सुट्टी नव्हती. तेव्हा गेलो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पण पत्र लिहायचं खरं कारण स्लेयर नाही. आतल्या मोठ्या तंबूत दिल्लीचा ब्लडीवूड नावाचा बँड होता. करण कटियार गिटार आणि बासरी, जयंत भडुला आणि राऊल केर गायला. त्यांचा युरोपातला हा पहिलाच दौरा. मुंबईचे डिमोनिक रेझरेक्शन 2014 ला वाकेनला वाजवून गेले होते, त्यामुळे आपल्याकडचा बँड इथे येणं नवीन नव्हतं. मी गेलो तो आपल्या माणसांच्या मागे दोन टाळ्या जास्त पडाव्यात म्हणून. आत शिरलो तर तंबूत पाय ठेवायला जागा नाही. आणि स्टेजवर, ड्रमसेटच्या पुढे, गळ्यात ढोल अडकवलेला माणूस.

संज्या, मोठ्या गिटारींच्या भिंतीत तो ढोल बुडून जाईल असं मला वाटलं होतं. तो वर आला. पंजाबी ढोल आपल्यासारखा एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हात असा वाजत नाही, दोन्ही बाजूंना काठ्या, एक जाड वाकडी, एक बारीक लवचीक. जाड काठीचा घुमारा बेस ड्रमच्या खाली बसत होता आणि बारीक काठीची तडतड गिटारच्याही वर जात होती, तुझ्या हलगीसारखी. भोवतालचे सगळे जर्मन, डच, फिनिश लोक दोन्ही हात वर करून खांदे उडवत भांगडा करत होते. हिंदी-पंजाबी ओळींतला शब्द एकालाही कळत नव्हता. मला कळत होता. इतकी वर्षं मी या देशात आहे, कामाच्या ठिकाणी मी नेहमी समजून घेणारा. त्या तंबूत पहिल्यांदा सगळं आधी मला कळत होतं आणि मग त्यांना. शेजारच्या मुलीनं गाण्याचा अर्थ विचारला, मी तिच्या कानाशी ओरडून सांगत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा मला गॅदरिंगची ती रात्र आठवली, तिसऱ्या वर्षाची. मेटलच्या गाण्यात तू मधेच उठून हलगी घेतलीस, चार मिनिटं वाजवलीस, पोरं खुळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मीच तुला म्हणालो, "हलगी नको, आपण काय लग्नाची वरात आहोत का?" तू पुन्हा कधी ती स्टेजवर आणली नाहीस. मी चुकलो होतो. बारा वर्षं झाली, तू विसरलाही असशील, पण त्या तंबूत उभं राहून मला ते लख्ख समजलं आणि तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आता एक काम कर. माळ्यावरचं सगळं खाली काढ. पाणी लागलं नसलं तरी महिनाभर दमट हवेत होतं, लाकडी कड्यांना बुरशी आली असेल, कोरड्या फडक्यानं पुस आणि उन्हात थेट ठेवू नकोस, तडे जातील. स्नेअर ड्रमचं वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, तर तेव्हाच फाटायला आलं होतं. इथे दुकानात चांगली मिळतात. डिसेंबरात ऑफिसमधला एक जण पुण्याला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. फक्त माप कळव, तुझं स्नेअर 13 इंची आहे की 14? टेप लावून मोज, अंदाजानं सांगू नकोस. आणि हलगी शेकून ठेव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
राजू