डीव्हीडी अडखळते म्हणून मशीन फेकायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतलं ते कॉम्प्युटरच्या प्रश्नोत्तरांचं सदर वाचलं आणि माझा चहा गार झाला. लगेच लिहायला बसलो होतो पण बायको म्हणाली रागात लिहू नका, उद्या लिहा. म्हणून आज लिहितोय. राग तेवढाच आहे.

त्या कराडच्या वाचकाने साधा प्रश्न विचारला होता हो. घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी अडखळत चालते, माणूस हलला की आडव्या रेघा दिसतात, मधेच अडकते, काय करू. आणि तुमच्या तज्ज्ञांनी साडेचार ओळीत निकाल लावला. म्हणे डीव्हीडीचा जमाना गेला, मशीन जुनं झालं असेल, नवीन घ्या आणि जुने व्हिडिओ क्लाउडवर टाकून निर्धास्त व्हा. अहो क्लाउडवर टाकायला आधी ती डीव्हीडी वाचली जायला नको का? तेच तर होत नाहीये ना त्याचं! शेजारच्याच पानावर राशिभविष्य आहे, तिथे निदान 'प्रयत्नांना यश मिळेल' असं तरी लिहितात.

मी हे चिडून लिहितोय कारण हाच सल्ला मला २०१५ साली मिळाला होता आणि मी तो ऐकला होता.

आमच्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन २००७ साली केलं. फोटोवाल्याने शूटिंग करून एक डीव्हीडी दिली, वर बाबा-आईच्या फोटोचा गोल कागद चिकटवलेला. त्यात ४१व्या मिनिटाला आई उखाणा घेते. आता आमची आई म्हणजे जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलंत का', बाबांचं नाव तिच्या तोंडून आम्ही भावंडांनी कधी ऐकलेलं नव्हतं, रेशनकार्डावर नाव सांगायचं तरी मला पुढे करायची. त्या दिवशी बायकांनी घेरलं म्हणून घेतला. "महादेवाच्या पिंडीला बेल घालते वाकून" इथपर्यंत म्हणते, जरा थांबते, पदर सारखा करते आणि बरोब्बर तिथे चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज टर्रर्र करतो आणि एकदम पुढे सगळ्या बायका हसतायत आणि कोणीतरी पेढ्याचं ताट फिरवतंय. नाव गायब!

सुरुवातीला असं नव्हतं, टीव्हीच्या प्लेअरवर चार-पाच वर्षं व्यवस्थित बघितली. मग प्लेअर मोडीत गेला, आई २०१२ला गेली, बाबा त्याआधीच, आणि मग ती डीव्हीडी कॉम्प्युटरवर लावायला लागलो. २००६चं मशीन, त्यात विंडोज एक्सपी. आधी फक्त त्या जागी अडकायची. आम्ही काय करणार, मागे घेऊन पुन्हा, मागे घेऊन पुन्हा, दहा-दहा वेळा तीच जागा. आणि मग काही दिवसांनी सगळीच डीव्हीडी अडखळायला लागली, नुसती तीच नाही तर नातवाच्या कार्टूनची पण, चित्र एकीकडे आवाज एकीकडे, माऊस सुद्धा हलेना. गेलो दुकानात. पोरगा म्हणाला काका व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. चारशे रुपये. आठ दिवस छान चाललं, म्हणजे आईची जागा सोडून, आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. परत गेलो तर म्हणे काका, आता मशीनच जुनं झालंय, नवीन घ्या.

घेतलं. २०१६च्या दिवाळीत, ३१ हजार. जुनं भंगारवाल्याला ३०० रुपयात.

आता खरी गंमत ऐका. मला हे खूप नंतर पुण्याच्या पुतण्याने समजावून सांगितलं. एक्सपीमध्ये डीव्हीडी ड्राइव्हकडून डाटा येतो तो डीएमए नावाच्या वाटेने येतो, म्हणजे प्रोसेसरला हात लावावा लागत नाही, माल परस्पर मेमरीत जातो. पण वाचताना सहा वेळा गडबड झाली की विंडोज घाबरून ती वाट बंद करतं आणि पीआयओ नावाच्या जुन्या वाटेवर टाकतं, मग प्रत्येक पोतं प्रोसेसरने स्वतः उचलायचं. मॅनेजरलाच हमाली लावल्यावर दुकान कसं चालणार? म्हणजे आईच्या त्या एका खराब जागेवर आम्ही दहा-दहा वेळा मागे-पुढे केलं, त्या गडबडींची मोजदाद होत गेली आणि मशीनने स्वतःला बेड्या घालून घेतल्या. फॉरमॅट मारल्यावर बेड्या निघाल्या, आम्ही पुन्हा तीच डीव्हीडी लावली, पुन्हा पडल्या. उपाय काय होता माहितीये? डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो सेकंडरी आयडीई चॅनल, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह ज्या वाटेवर जोडलेला असतो ती नोंद, अनइन्स्टॉल करायचा आणि मशीन रिस्टार्ट करायचं, विंडोज आपोआप परत शोधतं आणि डीएमए चालू करतं. खर्च शून्य रुपये. मी ३१ हजार घालवले.

आणि साधी गोष्ट, जी तुमच्या तज्ज्ञांना सुचायला हवी होती. डीव्हीडी ही १९९६ सालची वस्तू आहे, त्यातला डाटा जास्तीत जास्त सेकंदाला दहा मेगाबिटच्या आसपास येतो, २००६चं मशीन हे झोपेत चालवायचं. काल चालत होतं आणि आज चालत नाही तर मशीन एका रात्रीत म्हातारं झालं का?

मी दूरध्वनी खात्यात ३४ वर्षं लाइनमन होतो. फोन बंद अशी कम्प्लेंट आली की पहिल्या दिवशी वरिष्ठांनी शिकवलेलं, फोनच्या डबड्याला हात लावायचा नाही. आधी डीपीवर, म्हणजे जिथून घरोघरी वायरी जातात त्या पेटीवर, जाऊन टेस्ट फोन लाव. तिथे टोन आहे? मग फॉल्ट घराच्या बाजूला. नाही? मग एक्स्चेंजच्या बाजूला. लाइन मधे तोडून अर्धी अर्धी तपासायची, दहातल्या आठ वेळा पावसाने गंजलेला जॉइंट निघायचा. तसंच इथे करायचं होतं. घरगुती डीव्हीडीला कॉपी अडवणारं कुलूप-बिलूप नसतं, आतला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करायचा आणि तिथून चालवून बघायचा. एकाच जागी कॉपी अडकली तर डिस्क खराब. सुखरूप कॉपी झाली आणि तिथून लोण्यासारखी चालली तर फॉल्ट ड्राइव्हमध्ये नाहीतर वायरमध्ये. हार्ड डिस्कवरून पण अडखळली तर मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाय का बघा, मागे अँटीव्हायरस काही चघळत बसलाय का बघा. साडेचार ओळीत हे बसलं असतं की.

तर नवीन मशीन आलं. डब्यात डीव्हीडी ड्राइव्हच नाही! विचारलं तर म्हणे हल्ली देत नाहीत काका. बाहेरचा घेतला, १४०० रुपये. डीव्हीडी टाकली तर विंडोज १० म्हणतं मी चालवत नाही, स्टोअरमधून प्लेअर विकत घे. हे पण मला कोणी आधी सांगितलं नाही, विंडोज ८ पासूनच काढून टाकलंय म्हणे. नातीने व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकून दिला, तो फुकट आहे. लावली आणि... अडखळतेय! ३१ हजार अधिक १४०० आणि तेच! बायको काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

ती अडखळ मात्र मी स्वतः पकडली, जुनी सवय. ड्राइव्हची वायर मी डब्याच्या पुढच्या पोर्टात लावलेली, वाकायला नको म्हणून, आणि त्यात शेजारी नातीचं चार्जिंग. पुढचं पोर्ट म्हणजे आतून लांबून वायर ओढून आणलेली असते, ड्राइव्हची मोटर फिरायला लागली की करंट पुरत नाही, यूएसबी २चं पोर्ट देणार किती तर ५०० मिलिअँपिअर. ड्राइव्ह कर्र करून थांबायचा, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा थांबायचा. हे कानाला ऐकू येत होतं, नुसतं चित्राकडे बघून कळलं नसतं. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या, पोर्टात लावली आणि अडखळ बंद.

रेघा राहिल्याच. आई हात हलवते तेव्हा बांगड्यांना कंगव्यासारखे दात. यात बिघाड काहीच नाही हो! आपल्याकडचं शूटिंग पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यात, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. जुन्या डब्बा टीव्हीला ते तसंच लागायचं. कॉम्प्युटरचा स्क्रीन दोन्ही हप्ते एकदम दाखवतो आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून दात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस आहे, ते ऑन करून मोड याडिफ निवडला की दात गेले. कराडच्या वाचकाचं पण हेच असणार, पैज लावतो. त्यासाठी नवीन मशीन घेतलं असतं तर नव्या मोठ्या स्क्रीनवर रेघा अजून ठळक दिसल्या असत्या, एवढाच फायदा.

राहता राहिली आई. डिस्क शोकेसमध्ये वर्षानुवर्षं संध्याकाळच्या उन्हात उभी होती. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये डाटा रंगाच्या थरात असतो आणि ऊन त्याला चालत नाही, हे फोटोवाल्याने सांगायला हवं होतं. वरून तो फोटोचा कागद एका बाजूने फुगलेला, त्यामुळे फिरताना तोल जायचा. शेजाऱ्यांनी टूथपेस्ट लावायला सांगितलं, माझी हिंमत झाली नाही. जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसली, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण डाटा गोल लिहिलेला असतो, आडवा ओरखडा मशीन सावरून घेतं पण गोल ओरखड्यात सलग मजकूर जातो. थोडा फरक पडला, चौकोन कमी झाले, पण नाव काही येईना.

शेवटी २०१७च्या गणपतीनंतर पुतण्याने डिस्क पुण्याला नेली. त्याच्या ऑफिसात अडगळीत एक जुना डेस्कटॉप होता, तुमच्या तज्ज्ञांच्या भाषेत जमाना गेलेला. एका ड्राइव्हला न जमलेली डिस्क दुसरा वाचतो कधी कधी, असं तो म्हणाला. त्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह त्या जागेवर तीन-चार मिनिटं घुर्र घुर्र करत बसला म्हणे, आणि गेला पुढे. पेन ड्राइव्हवर आलं सगळं. आईने नाव घेतलं, स्पष्ट, जरा मोठ्यानेच, आणि लाजून पदर तोंडावर घेतला. हे मी त्या दिवशी प्रत्यक्षात पण बघितलं नव्हतं, मी मागे आचाऱ्याकडे जिलब्या मोजत होतो.

माझा भंगारात दिलेला जुना ड्राइव्ह कदाचित हे घरबसल्या करू शकला असता. आता काय बोलणार.

तर कृपया त्या कराडकरांना कळवा की मशीन विकू नका, आधी फोल्डर कॉपी करून बघा, बाहेरचा ड्राइव्ह असेल तर मागच्या पोर्टात लावा, रेघांसाठी डीइंटरलेस, आणि जिथे अडकते तिथे पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत बसू नका. आपल्या तज्ज्ञांबद्दल मला व्यक्तिशः आदरच आहे, मोबाइलचं ते चांगलं सांगतात. पण प्रश्न डीव्हीडीचा आणि उत्तर नवीन मशीनचं, आणि त्याच पानावर खाली अर्धं पान लॅपटॉपच्या दुकानाची जाहिरात, हा योगायोग असेल तर असो. सदराचा मजकूर राखाडीवर फिकट निळ्यात छापता त्याचंही काहीतरी करा, माझ्या वयाच्या माणसाला भिंग लागतं, जाहिरात मात्र खुर्चीवरून दिसते.

आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी देणार होतात. आजच्या अंकात पण नाही, आत्ता पुन्हा उलटसुलट करून बघितलं. उभा ९ मला अजून सुटलेला नाही.

आपला,
एक जुना वाचक, शाहूपुरी, सातारा