वाडीचं नाव नकाशावर यावं म्हणून थोडी थोडी मदत हवीय

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आमच्या नकाशा गटातर्फे हे लिहितोय. गट म्हणजे नोंदणी वगैरे केलेली संस्था नाही, आठ-दहा जण आहोत, कुणी नोकरीवाले कुणी कॉलेजातले, आणि सुट्टीच्या दिवशी भोर, वेल्हे, मुळशीकडे जाऊन तिथल्या वाड्या-वस्त्या, पायवाटा, साकव, पाणवठे, देवराया हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, टाकतो. काम फुकट करतो आणि ते तसंच करत राहणार. पण दोन ठिकाणी पैसे लागतात, एक इथे आणि एक तिकडे इंग्लंडात, आणि त्या दोन्हीसाठी तुमच्याकडे मागायला आलोय.

आधी तिकडचं सांगतो कारण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशाचा डेटा वापरायचा तर पैसे भरा, परवानग्या काढा. त्याचं म्हणणं होतं की लोकांनीच चालत फिरत जीपीएसने रस्ते नोंदवायचे आणि तो नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. आज जगभरात एक कोटीच्या वर लोकांनी खातं उघडलंय. हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला तेव्हा आणि नेपाळमध्ये एप्रिल २०१५ मध्ये, दुसऱ्या देशांत बसलेल्या लोकांनी रात्र रात्र जागून उपग्रहाच्या फोटोंवरून रस्ते आणि घरं काढली, आणि मदतीला गेलेली पथकं ते नकाशे वापरत होती.

हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं ते अॅमस्टरडॅम आणि डब्लिनला आहेत आणि त्यांचं बघणारी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन ही संस्था २००६ मध्ये इंग्लंडात नोंदवलेली आहे. पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळे आपल्यासारखेच. मोठ्या कंपन्या पैसे देतात, नाही असं नाही, पण मला विचाराल तर फक्त त्यांच्या जिवावर राहणं बरं नाही, उद्या एखाद्या कंपनीने हात आखडता घेतला तर काय करायचं. त्यापेक्षा पन्नास देशांतल्या माणसांनी थोडं थोडं दिलेलं बरं. वर्षाची वर्गणी १५ पौंड, म्हणजे आपले साधारण सतराशे-अठराशे रुपये, आणि सभासद झालात की बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. लंडन, दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर, जिथे कुठे असाल तिथले मराठी लोक, तुम्हाला ही रक्कम जड नाही, प्लीज सभासद व्हा. आपल्याकडच्या भाषा, आपल्याकडच्या वाड्या यांच्याबद्दल बोलणारं कुणीतरी त्या मतदार यादीत हवंच ना. आणि ज्यांना पैसे जमत नाहीत पण नकाशावर काम करतात त्यांच्यासाठी पण सोय आहे, मागच्या वर्षभरात ४२ वेगवेगळ्या दिवशी काही ना काही नोंद केली असेल तर फी न भरता सभासदत्वासाठी अर्ज करता येतो.

आता इथलं. लोक विचारतात की सगळं उपग्रहातून दिसतं तर गावात जायचं कशाला. वरून छप्पर दिसतं हो, नाव दिसत नाही. आणि दुसऱ्याच्या नकाशातून नाव उचलायला परवानगी नाही, त्यामुळे जाऊन विचारावंच लागतं. मागच्या उन्हाळ्यात भोरकडच्या एका वस्तीत गेलो, कागदावर एकच नाव होतं, तिथे गेल्यावर एका आजींनी सांगितलं की वरची वाडी वेगळी, खालची वेगळी आणि ओढ्यापलीकडचा धनगरवाडा तिसराच, आणि पावसात साकव बुडाला की तिसऱ्याला जायला डोंगराच्या अंगाने वेगळी वाट आहे. ती वाट आम्ही त्यांच्या नातवाबरोबर चालून नोंदवली, पाऊण तास लागला. जुलै २०२३ ला इरशाळवाडीवर दरड आली तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं पावसात डोंगर चढून गेली, हे आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. तेव्हापासून पायवाटा नोंदवायचं काम आमच्या दृष्टीने सगळ्यात आधी आलंय.

आणि मराठी नावं. आपल्याकडे मुख्य नाव बहुतेक इंग्रजी अक्षरांत असतं, मराठीसाठी वेगळा रकाना आहे आणि तो हजारो ठिकाणी रिकामा पडलाय. तो भरला की ओएसएमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या हाच नकाशा दाखवणाऱ्या मोबाइल अॅपमध्ये भाषा मराठी ठेवणाऱ्याला गावाचं नाव देवनागरीत दिसतं. पण इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने लिहिलं तर ळ चा ल होतो, ण चा न होतो, म्हणून तेही विचारूनच.

या सगळ्याला लागतं काय, तर एसटीचं भाडं, शेवटच्या टप्प्याला जीप, पॉवरबँक, फोटो ठेवायला हार्डडिस्क, आणि गावातल्या पोरांना शिकवायला छापलेले नकाशे. आत्तापर्यंत आपापसात वाटून घेतलं, पण कॉलेजची मुलं आता खर्चामुळे यायची थांबलीत आणि ते मला फार लागलंय. भारतातून कुणीही शंभर-दोनशे दिले तरी चालतील, दर महिन्याला हिशोब बिलांच्या फोटोसकट सगळ्यांना पाठवू.

परदेशातल्यांनी मात्र नीट वाचा. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा आहे, एफसीआरए म्हणतात तो, त्याच्या नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आमच्यासारख्यांना ते शक्यच नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून दिले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत, त्यामुळे तुमचं आम्हाला चालेल. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांच्याकडून आम्ही एक रुपयाही घेणार नाही. तुम्ही थेट फाउंडेशनला द्या, काम एकच आहे.

पैसे नसतील तर एक करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावा आणि तुमच्या गावच्या वाड्या, ओढे, खिंडी यांची नावं ते जशी म्हणतात तशीच मराठीत लिहून आम्हाला पाठवा. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी वेल्ह्याला जातोय, सकाळी सहाला स्वारगेट, ज्यांना यायचंय त्यांनी आधी कळवा म्हणजे जीप सांगता येईल.