मंत्रीसाहेब, होडीला जीपचं ॲव्हरेज लावू नका

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डिझेलच्या बिलाला लागलेली कात्री, आणि होडी पाण्यात चालते ही गोष्ट आपल्या नजरेस आणून देण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, डिझेलची होडी चालवतो. आपल्या खात्याच्या इथल्या एका कार्यालयाला पाहणीला, गस्तीला होडी लागते, ती माझी जाते. भाडं वेगळं, डिझेल वेगळं, आणि डिझेलचे पैसे महिन्याच्या आत, असं भर बैठकीत कबूल झालं होतं. उन्हाळ्यातलं बिल परवा परत आलं. जवळपास निम्मी रक्कम उडवलेली, आणि समासात लाल शाईनं शेरा : ‘ॲव्हरेज कमी. अंतर व डिझेल यांचा मेळ बसत नाही.’

म्हणजे सरकारी भाषेत मी डिझेलचोर.

हा मेळ कसा घातला ते ऐका. होडी कामावर घेतली तेव्हा एकदा चाचणी झाली होती. सकाळची वेळ, वारा नाही, आत मी आणि एक कारकून, वेग ताशी 9 किलोमीटर. लिटरला साडेचार किलोमीटर पडले. तोच आकडा फाईलला चिकटला. पुढं प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सात माणसं, त्यांच्या पेट्या, पाण्याचे जार आणि मागून एकच हुकूम : ‘रेस दे रे, साहेबांना जेवायला परत जायचंय.’ रेस दिली. होडी 12 ला पळाली आणि लिटरला जेमतेम 2.4 किलोमीटर पडले. घाई साहेबांची, ॲव्हरेज माझं.

साहेब, रस्त्यावर जीप थोडी जोरात पळवली तर थोडं डिझेल जास्त जातं. पाण्यात तसं नसतं. आमच्यासारखी जड, पाणी कापत चालणारी होडी असली की लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनानं (वेग गुणिले वेग गुणिले वेग) वाढते. 9 चे 12 म्हणजे वेग एक तृतीयांशानं वाढला, पण ताशी डिझेल 2 लिटरवरून गणितानं पावणेपाचाच्या आसपास जातं. माझ्या मापाच्या डब्यात 5 भरलं, कारण या वेगाला आणखी एक भानगड आहे. होडीची पाण्यातली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा. जे नॉट (पाण्यावरचं वेगाचं माप) येतील ती तिची वेस, तिच्यापुढं होडी सहजी जात नाही. माझी होडी पाण्यात 25 फूट. मूळ 5, गुणाकार 6.7 नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत-बाहेर. या वेगाला होडीनंच उठवलेली लाट होडीएवढी लांब होते, मागची बाजू खाली बसते, नाक वर होतं, आणि होडी चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी निस्ती जोर खाते. इंजिन ओरडतं, धूर काळा पडतो, वेग जागचा हलत नाही. नुसत्या वर्गमुळाएवढा वेग ठेवला, म्हणजे 5 नॉट, 9 किलोमीटरच्या जरा वर, की डिझेल आणि वेळ दोन्ही परवडतात. पाण्यावर उचलून पळणाऱ्या हलक्या स्पीडबोटीचं गणित निराळं. ती माझ्याकडं नाही, आणि आपल्या कार्यालयात होती ती शेडमध्ये उभी आहे म्हणे.

आणखी हळू का चालवत नाही, असाही प्रश्न आला. चालवतो की. किलोमीटरमागं डिझेल आणखी थोडं वाचतंही. पण दिवस सरतो, समोरून वारा आला की होडी जागेवर डुलत बसते, आणि डिझेल इंजिन तासन्‌तास बिनओझ्याचं चालवलं की इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नॉझलवर काजळी धरते. मग नॉझलचा खर्च कोण देणार? त्याला तर तुमच्याकडं रकानाच नाही.

त्यात हा जलाशय पसरट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली हातभर गाळ आणि वर होडी. उथळ पाण्यात तळाखालून पाणी सरकायला जागा राहत नाही, त्याच रेसवर वेग पडतो. बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, झाडांचे बुंधे असतात, त्यांना वळसा घालायचा. कार्यालयात बसलेले बाबू नकाशावर पट्टी ठेवून दोन टोकांमधलं अंतर मोजतात. पट्टीला भिंत लागत नाही. तळाला शेवाळ धरलं, पंख्याची एक पाती दगडाला लागून वाकली, तरी लिटरमागं फरक पडतो. हे सगळं ‘मेळ बसत नाही’ या तीन शब्दांत आलं.

खरा आकडा काढणं काही अवघड नाही. टाकीऐवजी खुणा केलेला डबा जोडा, आणि इंजिनातून परत येणारी नळीही त्याच डब्यात सोडा, नाहीतर परतीचं डिझेल जळालं म्हणून धरलं जाईल. दोन ठरलेल्या खुणांमध्ये जाऊन-येऊन फेरी मारा, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. मोबाइलवर वेग बघा. वेगवेगळ्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ताशी लिटर आणि ताशी किलोमीटर लिहा, किलोमीटरला लिटरनं भागा. हे मी करून वहीत लिहून दिलं. वही जावक क्रमांक नाही म्हणून परत आली.

माझं म्हणणं एवढंच की कापलेले पैसे द्या, आणि इथून पुढं दर किलोमीटरमागं न लावता इंजिनाच्या तासाला आणि हुकूम झालेल्या वेगाला लावा. ज्याला 12 नं जायचंय त्यानं लॉगबुकात ‘12 नं नेली’ म्हणून सही करावी. बघू किती जणांना जेवायची घाई राहते.

आमच्या घरात या महिन्यात पंपवाल्याची उधारी आहे, डिझेल नव्वदीच्या पुढं आहे, पोरीच्या कॉलेजची फी थांबली आहे. मी पंपावर गेलो की तो पोरगा आधी मागचं मागतो. बरोबरच आहे त्याचं. तो काही सरकार नाही. कोकणातल्या मच्छीमारांना डिझेलच्या कराचा परतावा मिळतो असं ऐकून हेवा वाटायचा. मग कळलं, तोही थकतो. म्हणजे खाऱ्या पाण्यात आणि गोड्या पाण्यात सरकार सारखंच.

आता निघालंच आहे तर बोलतो. 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, 1976 ला इंदिरा गांधींनी लोकार्पण. शंभराच्या वर गावं पाण्यात गेली, त्यात आमचंही. त्या गावांच्या जमिनी मोजताना कुणी ॲव्हरेज धरलं होतं का? तेव्हाही पट्टीच चालली. 27 दरवाज्यांचं धरण उभं राहिलं, आणि 2016 साली लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं मिरजेहून आणावं लागलं. 2005 चा पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा आहे. ऑक्टोबरात जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं ठरलंय. तरी टंचाईच्या वर्षी कोर्ट, मोर्चे आणि बैठकांशिवाय थेंब सुटत नाही. बैठकांना जाणाऱ्या गाड्यांचं ॲव्हरेज कोण काढतं, साहेब? दाराशी इंजिन आणि एसी चालू ठेवून तासभर उभ्या असतात. एक लिटरला शून्य किलोमीटर. त्या बिलावर लाल शाई मी तरी अजून पाहिली नाही.

होडीवाल्याचं बिल मात्र दशांश चिन्हासकट तपासलं जातं. शिपाई म्हणतो बाबूंकडं आहे, बाबू म्हणतात लेखा विभागात आहे, लेखा विभाग म्हणतो वरून निधी नाही. वर म्हणजे आपण. म्हणून हे पत्र आपल्याला.

पुढच्या सोमवारी पाहणीला होडी लागणार असा कालच निरोप आलाय. मुंबईहून कुणी मोठे साहेब येतायत, सगळा फेरा दुपारपर्यंत उरकायचाय. मी होडी लावतो. डिझेल कार्यालयानं स्वतःच्या कॅनमधून भरावं, आणि किती वेगानं जायचं ते लेखी द्यावं. लेखी नसेल तर मी 9 नं जाईन.

आपला,
नाथसागरावरचा एक होडीवाला
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर