लंबूचा शिक्का

प्रिय दिल्या,

अबे, लंबूचा शिक्का सापडला! सातवीत त्याने खोडरबरावर कोरला होता तोच, चौकोनात पतंग, शेपटीला तीन गाठी आणि डाव्या कोपऱ्यात ब्लेड निसटल्याची ती खाच. कुणाला सांगू हे? घरी सांगितलं तर म्हणाले, ‘बरं मग?’

तब्येत ठीक. आईचा गुडघा तसाच.

तू तिकडे अमेरिकेत बर्लिंग्टनला लेक शॅम्प्लेनच्या काठाने सायकलवर लेटरबॉक्स शोधत हिंडायला लागलास, तेव्हा फोनवर तासभर ऐकवलं होतंस. जुन्या रेल्वेमार्गावरचा आठ मैलांचा रस्ता, झाडाच्या मुळाशी डबा, डब्यात वही आणि शिक्का. त्यांचा शिक्का आपल्या वहीत, आपला त्यांच्या वहीत, आणि डबा होता तिथेच परत. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरवर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली आणि येणारे त्यात आपली कार्डं टाकू लागले, हेही तूच सांगितलंस. मी म्हटलं, सातवीत आपण खोडरबराचे शिक्के कोरून दुसरं काय करत होतो? यावर तू भांडलास. वर म्हणालास, नागपुरात डबा आठवडाभर टिकणार नाही. मी ठेवला आणि टिकला बे! पैज हरलास. आलास की तर्री-पोहे तुझ्याकडून, वरून तर्री दोनदा.

तुझ्यासारखा सलग रस्ता इथे कुठला. अंबाझरीहून निघायचं, अमरावती रोड जीव मुठीत धरून ओलांडायचा, युनिव्हर्सिटी कॅम्पसमधून फुटाळ्याला उतरायचं. पण पहाटे तो कॅम्पसचा तुकडा अजून आपलाच आहे. डबा मुद्दामच अंबाझरीच्या सांडव्याकडे ठेवला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत रातोरात पाणी शिरलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून फुटाळ्याच्या वरच्या अंगाला, चढावर ठेवला. घट्ट झाकणाचा, दोन पिशव्यांत गुंडाळून.

खुणेचा कागद सकाळच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात एक ओळ होती, ‘पंक्चरच्या दगडापासून मोजून वीस पावलं.’ पंक्चरचा दगड म्हणजे कोणता, हे आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? लोक येऊन तलावाभोवती फिरून गेले, दोघा-तिघांनी फोन करून शिव्याही घातल्या. आणि परवा डबा उघडतो तर वहीच्या पहिल्याच पानावर पतंग! जांभळी शाई. नाव नाही, तारीख नाही.

मी ते पान उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिलं. रबर नवीन आहे, कडा अगदी धारदार उमटल्या आहेत. म्हणजे त्याने आत्ता बसून पुन्हा कोरला. आणि ती खाच, जी तेव्हा चुकून पडली होती, ती या वेळी मुद्दाम कोरली, त्याच कोपऱ्यात. दिल्या, ज्याला ओळख द्यायची नाही तो खाच कशाला कोरेल?

तर तो नागपुरातच आहे. कदाचित त्याच ग्रुपवर आहे, दुसऱ्याच नावाने. नंबर शोधणं कठीण नाही. पण सायकलच्या पैशांवरून जे झालं, त्यानंतर तो आपण होऊन इथवर आलाय आणि एवढंच ठेवून गेलाय. मी सरळ फोन लावला आणि तो पुन्हा गप्प झाला तर? वहीत त्याच्या पतंगाखाली माझा शिक्का मारून डबा परत ठेवू का? की दोन ओळी लिहू? काय लिहू? ‘ये’ एवढंच? माझं रात्रभर हेच चाललंय. तू त्याच्या जास्त जवळचा होतास, नाकारू नकोस. शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून तुमचं काय चालायचं ते मला कधीच सांगितलं नाहीत, त्याचा राग मला अजून आहे.

तुझी नवी नोकरी कशी आहे? पोरीला मराठी वाचता येतं का आता? वहिनींना नमस्कार.

आणि एक काम कर. तुझा बैलगाडीचा शिक्का तुझ्याकडे असेलच, तू काही फेकत नाहीस. नसेल तर नवा कोर. कागदावर मारून पाकिटात घाल आणि पोस्टाने पाठव. फोटो नको, खरी शाई हवी. मी तो त्याच पानावर चिकटवतो. पहिल्या पावसाच्या आत पोचायला हवा, म्हणून आजच टाक. आणि लंबूला काय लिहायचं ते फोनवर सांग. रात्री कितीही वाजता कर, मी जागाच आहे.

तुझा,
बंड्या