हॉर्मेलची देणगी आणि आमचं कपाट

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत समलिंगींच्या प्राईडवर अख्खं पान दिलंत, बरं वाटलं, पण सगळे फोटो मिरवणुकीचेच हो. माझी पंचवीसेक वर्षं सार्वजनिक वाचनालयात गेली त्यामुळे मला आठवतो तो जेम्स हॉर्मेल.

अमेरिकेतलं डबाबंद मांसवालं घराणं, स्पॅमचा डबा त्यांचाच, म्हणजे पैसा रग्गड. लग्न झालं, पाच मुलं, 1965 ला घटस्फोट, पुढे उघडपणे गे म्हणून जगला आणि त्याच कामाला भरपूर पैसा दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या लायब्ररीला 5 लाख डॉलर दिले, 1996 ला तिथे समलिंगींच्या पुस्तकांचं, कागदपत्रांचं वेगळं दालन उघडलं.

1997 ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी लक्झेंबर्गमधला अमेरिकेचा राजदूत म्हणून त्याचं नाव दिलं, सिनेटच्या म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या कमिटीत 16 विरुद्ध 2 ने पास झालं तरी काही सिनेटरांनी पुढे मतदानच होऊ दिलं नाही. आणि विरोधकांनी काय केलं, तर त्या दालनातली पुस्तकं हुडकून हुडकून काढली आणि याने अश्लील साहित्य जमवलं म्हणून बोंब ठोकली! अहो देणगीदार कधी पुस्तकं निवडतो का? आमच्याकडे ज्यांच्या आजोबांच्या नावाची पाटी आहे ते आत पाऊलही टाकत नाहीत. गंमत म्हणजे त्यातली बरीच पुस्तकं खुद्द लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्याच ग्रंथालयातही होती. शेवटी जून 1999 मध्ये सिनेटला सुट्टी असताना क्लिंटननी परस्पर नेमणूक करून टाकली. शपथेला बायबल पार्टनरने धरलं, आणि समोर मुलं, नातवंडं, पहिली बायकोसुद्धा! हॉर्मेल 2021 ला वारला, 88 वर्षांचा होता.

आता आमचं सांगतो. एक मुलगा यायचा, दोन कपाटांच्या मधे दाराकडे पाठ करून या विषयावरचं एक पुस्तक उभ्याउभ्याच वाचायचा. घरी ने म्हटलं तर नको म्हणाला, पुस्तक नोंदवलं की मेसेज वडिलांच्या मोबाईलवर जातो. तीन आठवड्यात तसंच संपवलं त्याने, खुणेला एसटीचं तिकीट ठेवायचा, ते अजून आतच आहे, मी काढलं नाही.

एखाद्या रविवारी फोटोंऐवजी अशा मराठी पुस्तकांची यादी छापा ना, कात्रण नोटीस बोर्डावर लावतो. वाचनालयाचे कमिटीवाले ओरडतील, ओरडू देत.

आपला,
एक वाचनालय कर्मचारी
(नाव छापू नका प्लीज)